कुर्ली आणि पेजेचा टोप

आमच्या चाचणीच्या प्रमुख डॉ. ललिता धारप यांना मी आठ वर्षं ओळखते. या बाई स्वतःच्या हाताने कुणाला चहा करून देतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यामुळे निकालाच्या सोमवारी त्यांनी माझ्यासमोर कप आणून ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

"हेमांगी, दोन्ही गटांत काडीचाही फरक नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी कंपनी कुर्ली बंद करतेय."

कुर्ली म्हणजे खेकडी, आणि आमच्याकडे आमच्या औषधाचा रेणू. त्याचं शास्त्रीय नाव एका ओळीत मावत नाही, म्हणून पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्याला कुर्लीच म्हणतात. नाव मी ठेवलं. मी मालवणकडची, रेवंडकरांची, मासे मारणाऱ्या गाबितांची मुलगी. दोन नांग्या असलेली वस्तू पडद्यावर दिसली की मला दुसरं काही सुचतच नाही.

हा रेणू कशासाठी, ते आधी सांगते. आमच्या घराण्यात एक आजार आहे. मूठ मिटते, पण लवकर उघडत नाही. दाराची कडी धरली की हात तिथेच राहतो. माझ्या पणजोबांना तो म्हातारपणी जाणवला, आजोबांना चाळिशीत, बाबांना पंचविशीत. पिढीगणिक तो लवकर येतो आणि जोराने येतो. नुसत्या हातावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती, पण तो हळूहळू हृदयापर्यंत पोचतो. बाबा एक्कावन्नाव्या वर्षी, होडी वर ओढता ओढता, वाळूतच गेले. माझा मोठा भाऊ नरेश एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्या हृदयाच्या आलेखात बाबांच्याच खुणा उमटू लागल्या आहेत. मी मात्र सुटले. माझी तपासणी कोरी निघाली. एकटंच सुटल्याची जी चीड असते, तिच्या जोरावर मी बारा वर्षं काम केलं आहे.

आता त्या आजाराचं मूळ. आपल्या डीएनएवरून आरएनएच्या नकला निघतात आणि त्या पुढे शरीराचा कारभार चालवतात. अशाच एका नकलेत सी, यू, जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. माझ्यात बारा वेळा, नरेशदादात सातशे वेळा. डीएनए दुपदरी असतो, आरएनए एकेरी धागा. एवढा लांब एकेरी धागा मोकळा राहत नाही, तो स्वतःवरच दुमडतो आणि त्याची एक शिडी होते. शिडीच्या दोन पायऱ्या नीट जुळतात, तिसऱ्या पायरीवर यूसमोर यू येतो, त्यांचं जमत नाही आणि तिथे खाच राहते. दोन पायऱ्या, एक खाच, पुन्हा दोन पायऱ्या, पुन्हा खाच. निरोगी माणसात अशी लांबलचक शिडी सापडत नाही.

या शिडीला एक प्रथिन जाऊन चिकटतं. त्याचा खरा धंदा शिंप्याचा. बाकीच्या शेकडो नकला कापून, जोडून, नेटक्या करून द्यायच्या. शिंपी शिडीवर अडकून बसला की सगळं कापणं चुकतं. स्नायूला 'आता सैल हो' म्हणणारी झडप नीट बनत नाही आणि मूठ मिटलेली ती मिटलेलीच.

आम्ही शिंप्याला हात लावला नाही आणि जनुकालाही नाही. आम्ही फक्त त्या शिडीचा आकार पकडला. कुर्लीला दोन नांग्या आहेत, आणि दोघींमधलं अंतर शेजारच्या दोन खाचांमध्ये असतं तेवढंच. एक नांगी एका खाचेत घुसते, दुसरी पुढच्या, आणि शिंप्याला जागा सोडावी लागते. सांगायला सोपं आहे. आमचे पहिले चारशे बारा रेणू दिसेल त्या आरएनएच्या गळ्यात पडत होते. एक कार्बन जास्त झाला तर नांग्या फाकत, एक कमी झाला तर खाचेपर्यंत पोचत नसत. चारशे तेरावा बसला. आजारी पेशींत या शिड्यांचे हिरवे ठिपके दिसतात. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात ते ठिपके एकेक करून विझताना पाहिले, आणि मी शेजारी बसलेल्या इम्तियाजच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा टेबलाखाली गेला. इम्तियाज म्हणजे आमचा मोजमापवाला. रक्तातला रेणूचा एक कण हरवला तरी तो शोधून काढेल.

म्हणून धारपबाईंचं वाक्य मला पचेना.

चाचणी माझ्याच गावात झाली होती, कारण आजार तिथेच होता. माडबावची तेरा आणि खाडीपलीकडच्या जुवेवाडीची अकरा, मिळून चोवीस आजारी माणसं, सगळी एकाच खापरपणजोबांच्या वंशातली. चाचणीच्या नियमाप्रमाणे बारा जणांच्या कॅप्सूलमध्ये कुर्ली होती, बारा जणांच्या साखर. दिसायला दोन्ही सारख्याच. कुणाला काय मिळतंय ते रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. मी तर नात्यातली, त्यामुळे माझ्याकडून लिहून घेतलं होतं की नऊ महिने गावी फिरकायचं नाही आणि औषधाविषयी अवाक्षर काढायचं नाही. नऊ महिने मी आणि दादा फोनवर मासे आणि वारा याखेरीज काही बोललो नाही. दोघांनाही इतकं सभ्य वागायची सवय नव्हती.

आणि आता आकडे असे. चाचणीआधी मूठ सुटायला सरासरी अकरा सेकंद. नऊ महिन्यांनी कुर्लीच्या गटात सहा सेकंद. साखरेच्या गटातही सहाच.

धारपबाईंचं म्हणणं, हा आशेचा परिणाम. माणसाला वाटलं आपण बरे होतोय, की तो थोडा बरा होतो. चाचण्यांत नेहमी दिसतं. मी म्हटलं, माणसाला वाटू शकतं, शिंप्याला कसं वाटेल? कारण स्नायूच्या नमुन्यांत कापणं-जोडणं सुधारलेलं दिसत होतं, तेही चोवीसच्या चोवीस जणांत, आणि सगळ्यांत जवळपास अर्ध्यापर्यंत. साखर खाऊन आरएनए सुधारत असता तर आमच्या मालवणात जत्रेतलं गोड खाजं खाऊन एकही माणूस आजारी राहिला नसता. बाईंना हे पटलं. पण पटून त्यांचा चेहरा आणखी उतरला, कारण मग गफलत आमच्याकडेच कुठेतरी होती.

इम्तियाज दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. बुधवारी दुपारी आला तो हातात कागद नाचवत. साठवून ठेवलेल्या चोवीसही रक्तांत कुर्ली होती. साखरवाल्यांच्यासुद्धा. आणि गंमत पुढेच होती. सगळ्यांत सारखी होती, आणि असायला हवी त्याच्या बरोब्बर निम्मी.

बाई म्हणाल्या, कारखान्यात बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. पण अदलाबदल झाली तर कुणाला पूर्ण मिळेल आणि कुणाला शून्य. सगळ्यांना निम्मी कशी मिळेल? मग बाईंनी बाटल्यांच्या झाकणांची नोंद काढली. या झाकणांत यंत्र असतं, बाटली केव्हा उघडली ते ते लिहून ठेवतं. त्या नोंदीचा बाईंना फार अभिमान होता. त्यांनी असे शिस्तीचे रोगी जन्मात पाहिले नव्हते. नऊ महिने, एकही दिवस न चुकता, चोवीसही झाकणं सकाळी सहा चाळीस ते सहा त्रेचाळीस या वेळात उघडली होती.

मी ती यादी पाहिली आणि हसायला लागले. इतकी हसले की इम्तियाजने पाणी आणलं. सहा चाळीस ही आमच्याकडे सगळ्यांनी एकत्र बसून पेज प्यायची वेळ.

माझीच चूक होती ती. संमतीच्या अर्जाचं मराठी मी तपासलं होतं. 'आपणांस औषध किंवा साखर यांपैकी एक मिळेल' हे वाक्य वाचून मी खाली सही ठोकली होती. मी, जी रापणीच्या गावात वाढले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. अर्धा गाव एका दोरीला, अर्धा दुसऱ्या दोरीला. जो दोरीला हात लावेल त्याला माशांतला वाटा. म्हातारा असो, वाटेने जाणारा पाहुणा असो. त्या माणसांना मी लिहून कळवलं होतं की तुमच्यातल्या निम्म्यांना मिळेल आणि निम्म्यांना नाही.

गुरुवारी सकाळी मी धारपबाईंना घेऊन माडबावात हजर होते. आत्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेजेच्या पंगती बसल्या होत्या. रापण एकत्र असल्यामुळे जुवेवाडीची माणसंही होडीने येऊन तिथेच पेज पितात. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सुलोचना. तिची स्वतःची मूठही अडकते, पण पेज वाढायचा करवंटीचा डाव तिच्या हातून कुणी काढून घेऊ शकलेलं नाही. मी थेट विचारलं. आत्याने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं की सगळ्यांनी आपापलं औषध वेळेवर घेतलं. मग दादाच पुढे झाला. त्याने सांगितलं की आत्या खोटं बोलतेय आणि ते तिला जमतही नाही.

झालं होतं ते असं. पहिल्याच दिवशी चोवीस बाटल्या आत्याच्या ओसरीवर आल्या. रोज सकाळी चोवीस कॅप्सूल उघडायच्या, सगळी पूड पेजेच्या टोपात टाकायची, ढवळायची, आणि प्रत्येकाला मोजून एक डाव. धारपबाई किंचाळायच्याच बाकी होत्या. "उकळत्या पेजेत?" त्यांनी विचारलं. "टोप खाली उतरल्यावर," आत्या म्हणाली, "माका अक्कल असा."

बाई चिडल्या. चिडण्यासारखंच होतं. एका डावाने बारा वर्षांचं काम गेलं, शुक्रवारी सगळं बंद होणार, असं त्या बोलत सुटल्या. आत्याने ऐकून घेतलं आणि मग डाव खाली ठेवायचा प्रयत्न केला. तो हाताला चिकटून राहिला. तो तसाच धरून ती म्हणाली, "बाई, रापणीक जो हात लावता तेका आमी वाटो देतंव. माझो भाव ह्याच आजारान गेलो. आणि माझ्या हातान मी अर्ध्या वाडीक साखर वाढू?"

पण विज्ञानाकडे दुसरा मार्ग नव्हता. औषध खरं आहे हे सिद्ध करायचं तर कुणाला तरी ते न मिळता पाहावं लागतं. असे रोगी दुसरीकडे शोधायचे म्हटलं तर तीन वर्षं जातील, आणि दादाच्या हृदयाकडे तीन वर्षं नव्हती. सगळ्यांनी तोवर पेज संपवली. आत्याने बाईंच्याही पुढे एक वाडगं ठेवलं आणि बाई निमूट प्यायल्या.

मी टोपाकडे बघत होते. एकदम डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं.

माणसं वाटायची कशाला? टोप वाटू. मी चुलीतला कोळसा घेतला आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर दोन वर्तुळं काढली. एक टोप माडबावचा, एक जुवेवाडीचा. तीन महिने एका टोपात सगळीच कुर्ली, दुसऱ्यात सगळीच साखर. पुढचे तीन महिने उलट. टोपात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. पण एका टोपातल्या सगळ्यांना एकच, आणि शेवटी सगळ्यांना सगळं. धारपबाई वाडगं हातात घेऊन वर्तुळांपाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी कोळसा माझ्या हातून घेतला आणि आकडे मांडायला लागल्या. किती माणसं, किती मोजण्या, प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच. मांडता मांडता त्यांचा आवाज चढत गेला. "अगं, हे पहिल्यापेक्षा बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या पदराला कोळसा लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. मी नाचले असते तर बाईंनीही धरला असता फेर.

दादाने मात्र शांतपणे एकच गोष्ट विचारली. साखरेची पाळी आपल्या टोपावर येईल तेव्हा त्याच्या हृदयाचं काय होईल?

मी खरं ते सांगितलं. गेल्या नऊ महिन्यांत अर्ध्या औषधाने त्याचा आलेख सुधारला होता. साखरेच्या तीन महिन्यांत तो पुन्हा बिघडेल. छातीला ठोके नोंदवून पाठवणारी पट्टी लावू, रोज पुण्यात बसून बघू, धोका दिसला तर त्याच दिवशी थांबवू. पण धोका नाहीच, असं मी म्हणू शकत नव्हते. दादाने जुवेवाडीच्या माणसांकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे.

"सगळ्यांचा एकच ना? मगे चलात," तो म्हणाला.

शुक्रवारी धारपबाईंनी कंपनीपुढे चोवीस सह्यांचं पत्र ठेवलं. झालेला सगळा घोळ त्यात कबूल होता, पेजेसकट. सोबत इम्तियाजचे रक्ताचे आकडे. अर्ध्या डोसात चोवीस माणसं निम्मी बरी झाली, याला तुम्ही अपयश म्हणणार असाल तर तसं लिहून द्या, असं बाई म्हणाल्या. लिहून द्यायला कुणी तयार होईना. नीतिसमितीने दोन महिने कीस पाडला आणि मग परवानगी दिली, अट एवढीच की या वेळी घरी जायला मोकळीक असली तरी औषधाचा विषय कुणीच काढायचा नाही. मीही नाही, गावानेही नाही.

ऑक्टोबरात दोन टोप चढले. जुवेवाडीची माणसं आता पेज आपल्याच खळ्यात पिऊन मग होडीने येत. डिसेंबरात मी दोन दिवस गेले होते. दादा रापणीची दोरी धरत होता आणि सोडत होता, धरत होता आणि सोडत होता, जसं लहानपणी मी त्याला पाहिलं होतं. माझ्या तोंडापर्यंत प्रश्न आला होता. मी जीभ चावली. पण मनातून भीतीच वाटली. आपल्या टोपात साखर असेल आणि ही नुसती आशा असेल तर? धारपबाई म्हणाल्या होत्या तेच खरं असेल तर? मग कुर्ली काहीच नाही, आणि दादातली ती साडेतीनशे खाचांची शिडी जिथल्या तिथे आहे. मी पुण्याला परतले आणि तीन आठवडे कुणाशी धड बोलले नाही. इम्तियाजने माझ्यापासून दूर बसायला सुरुवात केली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेले. दुसरी पाळी संपायला नऊ दिवस होते. पट्टीवरून दादाच्या हृदयावर पुण्याच्या डॉक्टरांची नजर होती, आणि त्यांनी अजून थांबवायला सांगितलं नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं. सकाळी साडेसहाला खळ्यात माडबावची तेराही माणसं बसली होती. आत्याने डाव फिरवला. सगळे पेज प्यायले आणि वाडगी खाली ठेवायची वेळ आली.

कुणाचंच वाडगं खाली गेलं नाही.

आत्याच्या हातात डाव, बाकी बारा माणसं रिकामी वाडगी घेऊन बसून राहिली. दादाची बोटं काठाला अशी घट्ट बसली होती की नखं पांढरी पडली होती. मी मनात सेकंद मोजू लागले. सात, आठ, नऊ. मग मला कळलं. ही साखर होती. म्हणजे डिसेंबरातली ती कुर्ली होती. हात सुटत होते ते माझ्या रेणूने सोडवले होते, आशेने नाही.

मी दादाकडे पाहिलं. तो केव्हापासून माझ्याकडेच पाहत होता आणि त्याचा चेहरा हसण्याने फुटायला आला होता. त्यालाही कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं, बहुधा कित्येक दिवसांपूर्वी. आजार परत आलेली तेरा माणसं, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद लपता लपेना. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळं खळं गदागदा हलायला लागलं, अडकलेली वाडगी पोटाशी धरून. एक शब्द कुणी बोललं नाही. बोलायचं नव्हतंच. मी तोंडाला ओढणी लावली आणि हसता हसता रडत राहिले.

आत्याने डोळे पुसले, उठून दादापाशी आली आणि त्याच्या हातातल्या वाडग्यात आणखी एक डाव ओतला.

"हात सुटता तवसर खा," ती म्हणाली.

दादा खायला लागला.